नानांच्या फोटोतली गाडी



गेल्या अंकात जुने निकाहनामे, शाळेचे दाखले आणि रेशनकार्डं कशी जपावीत याविषयी लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच बहिणींनी एकच प्रश्न विचारला. कागदावर निदान तारीख तरी असते, फोटोचं काय करायचं? मागे काही लिहिलेलं नाही, ओळखणारी माणसं अल्लाहला प्यारी झाली, आणि पेटीत पंधरा-वीस अनोळखी चेहरे पडून आहेत. म्हणून या महिन्यात माझ्या आजोळच्या एका फोटोची हकीकत सांगते. त्यात एक गाडी आहे, आणि त्या फोटोवरून माझे मामू आणि माझी खाला यांच्यात पस्तीस-चाळीस वर्षं वाद चालू होता. लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.

फोटो तळहाताएवढा. कडा दातेरी. उघडी, बिनछपराची, दोघांपुरती छोटी गाडी बाजूने दिसते, किंचित मागच्या अंगाने. माझे नाना पुढच्या मडगार्डला टेकून उभे आहेत, डोक्यावर काळी टोपी. दाराजवळ फुटबोर्डवर एक मुलगा उभा आहे, अनवाणी, गळ्यात तावीज, तोंड भरून हसतोय. पुढचा एक दात पडलेला आहे. नानांची नजर कॅमेऱ्याकडे नाही, मुलाकडे आहे. मागे एक भिंत आणि झाडाची सावली, बस. फोटोचा एक खालचा कोपरा उडालेला आहे, आणि नेमकी गाडीची नंबरप्लेट त्याच्याबरोबर गेली. जुन्या मुंबईचे नंबर बहुधा बी अक्षराने सुरू होत. एवढी चार अक्षरं जरी वाचता आली असती तरी पुढचा सगळा खटाटोप वाचला असता. पण कोपरा गेला तो गेला.

आमच्या नानीच्या घरात भिंतीवर फोटो लावायची पद्धत नव्हती. जे काही पाच-सहा फोटो होते ते तिच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली. हा फोटो ती ईदच्या दिवशी कधीतरी बाहेर काढायची, पुसायची आणि परत ठेवायची. धाकटे मामू लहान असताना त्यांनी एकदा विचारलं, हा कोण? नानी म्हणाली, तूच की. नानीच्या इंतकालानंतर फोटो मामूंकडे गेला. त्यांनी तो लॅमिनेट करून मुंब्र्याच्या घरी शोकेसमध्ये ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे: हा मी, हे अब्बा, आणि ही सेठची जग्वार.

(लॅमिनेशन करू नका. आत प्लॅस्टिक चिकटलं की फोटो कायमचा अडकतो, आणि सोडवायला जाल तर चित्रच सोलून येतं. साधं कागदी पाकीट त्याहून कितीतरी बरं.)

खालाला हे कधीच मान्य नव्हतं. ती मामूंहून चार वर्षांनी मोठी. तिचं म्हणणं, फोटोतला मुलगा धाकटा नव्हे, थोरला भाई. हा थोरला भाई १९४१ चा. खेडजवळच्या आमच्या गावी १९४८ च्या पावसाळ्यात मुदतीच्या तापाने गेला, सात वर्षांचा होऊन. नदीला पूर होता, डॉक्टरपर्यंत पोचता आलं नाही. त्यानंतर नानीने त्याचं नाव घरात घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही. मामू फाळणीच्या सालचे, म्हणजे भाई गेला तेव्हा पाळण्यात. त्यांना थोरला भाऊ होता हे कळलं तेच मुळी दहाव्या वर्षी, तेही शेजारणीकडून.

म्हणजे प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. हा फोटो भाईचा असेल तर त्याची या जगातली तेवढीच एक खूण. आणि मामूंचा नसेल तर मामूंचा लहानपणीचा एकही फोटो नाही, आणि नानांबरोबरचा तर नाहीच. नाना १९६१ ला गेले, मामू तेव्हा चौदा वर्षांचे.

खाला आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या रमजानमध्ये तिने मला फोन केला. "बेटा, तू ते कागदांवर लिहितेस ना. एकदा बघ गो तो फोटो. मी जाण्याआधी मला कळू दे."

मला गाड्यांतलं काहीही कळत नाही. रिक्षा आणि टॅक्सी यातला फरक कळतो, त्यापुढे अंधार. पण इतकं समजत होतं की चेहऱ्यांवरून काही ठरणार नाही. भाऊ भावासारखा दिसणारच. कपड्यांवरूनही नाही, कारण पायजमा आणि टोपी दहा वर्षांत बदलत नाहीत. फोटोत साल सांगू शकेल अशी एकच वस्तू होती, ती गाडी. मामूंकडून फोटो एका दिवसासाठी मागून आणला, तो मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून घेतला आणि कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला घेऊन भायखळ्याच्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे गेले. त्यांचं अर्धं आयुष्य जुन्या विलायती गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं.

मी त्यांना म्हटलं, आमच्या घरी हिला जग्वार म्हणतात. ते हसले. म्हणाले, मुंबईत कुणाच्याही घरी जुनी उघडी गाडी म्हणजे जग्वारच असते. मग त्यांनी समजावलं. युद्धानंतर जग्वारची जी प्रसिद्ध उघडी गाडी आली, १९४८ ची एक्स के १२०, तिचं अंग साबणाच्या वडीसारखं एकसंध गुळगुळीत होतं. तिला असं सुटं मडगार्ड आणि फुटबोर्ड नाही. युद्धाआधीची एसएस जग्वार १०० या फोटोतल्या गाडीसारखी दिसते खरी, पण ती मोठी, तिचे दिवे परातीएवढे, आणि ती सगळी मिळून तीनशेच्या आसपासच बनली. त्यांनी स्कॅनवर बोट ठेवलं ते चाकावर. तारांचं चाक, आणि मधोमध दोन कानांचा मोठा नट. या नटाला पान्हा लागत नाही, तांब्याच्या हातोडीने कानावर ठोके दिले की सुटतो. मग बोट मागे गेलं. सीटच्या पाठीमागे डिकी नाही, पेट्रोलची उभी सपाट टाकी, आणि तिच्या पाठीवर स्टेपनी. दार कोपर बाहेर काढता येईल असं वरून कापलेलं, आणि बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे दार उलटं उघडणारं.

"एमजी," ते म्हणाले. "टी मालिकेतली. कोणती टी, ते मोजून बघा."

एमजी म्हटल्यावर भाच्याला रस्त्यावरची हेक्टर आठवली. नाव तेच, वंशही तोच म्हणायचा, पण घर बदललेलं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचं विल्यम मॉरिस यांचं गॅरेज. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांना हलकी, चपळ अंगं चढवून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून ही स्पोर्ट्‌स गाडी जन्मली. पुढे अबिंग्डन गावात कारखाना उभा राहिला. आज ते नाव चिनी कंपनीकडे आहे आणि आपल्याकडच्या गाड्या गुजरातमधल्या हालोलला बनतात. जुन्या एमजीचं अष्टकोनी चिन्ह मात्र अजून तसंच. आमच्या फोटोत गाडीचं तोंडच दिसत नसल्याने तेही उपयोगाचं नव्हतं.

टी मालिकेत पाच बहिणी आहेत. टीए १९३६ ते १९३९. टीबी १९३९ ची, युद्ध सुरू झाल्याने जेमतेम ३७९ बनल्या. टीसी युद्ध संपल्यावर १९४५ च्या शेवटी आली आणि १९४९ च्या अखेरीपर्यंत चालली, साधारण दहा हजार. टीडी १९५० पासून १९५३ पर्यंत, जवळजवळ तीस हजार. शेवटी टीएफ १९५३ ते १९५५. पाचही दिसायला इतक्या सारख्या की मला तर पहिल्या दिवशी पाचही एकच वाटल्या. लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवलेलं अंग, लांब नाक, आखूड शेपूट.

इथे माझा जीव वर-खाली व्हायला लागला, कारण हिशेब सरळ होता. गाडी टीडी निघाली तर फोटो १९५० च्या आधीचा असूच शकत नाही. भाई १९४८ ला गेला. मग मुलगा मामूच, आणि खालाला मला ते फोनवर सांगावं लागणार.

टीएफ लगेच बाद झाली, कारण तिचे पुढचे दिवे मडगार्डमध्ये बसवलेले असतात आणि आमच्या फोटोत नानांच्या खांद्यामागून एक सुटा, उभा दिवा डोकावतो. टीडीला कारखान्यातून तारांची चाकं मिळत नव्हती, पत्र्याची मिळत, आणि पुढे-मागे बंपर असत. आमच्या गाडीला बंपर नाही. पण मिस्त्री म्हणाले की शौकीन लोक टीडीला नंतर तारांची चाकं बसवून घेत आणि बंपर काढून ठेवत, त्यामुळे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. मोजा.

मोजायचं कसं ते लिहिते, कारण ही युक्ती कुठल्याही गाडीला चालते. टीसी आणि टीडी दोघींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर सारखंच आहे, ९४ इंच. पण टीसीची रिम १९ इंची आणि टीडीची १५ इंची. म्हणजे ९४ मध्ये १९ जवळजवळ पाच वेळा मावतात आणि १५ सव्वासहा वेळा. फोटो किती लहान-मोठा केला याने फरक पडत नाही, कारण आपण एकाच फोटोतल्या दोन गोष्टींची तुलना करतो. फक्त एक काळजी. फोटो तिरका असेल तर लांबी आकसते, म्हणून रिमही उभी न मोजता आडवी मोजायची. मग दोन्ही सारखीच आकसतात.

झेरॉक्सवाल्याकडून मोठी प्रत काढली आणि भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. चाकांमधलं अंतर ११.४ सेंटीमीटर. रिमची आडवी रुंदी २.४. भागाकार पावणेपाच. पाच का नाही म्हणून मी घाबरले, तर भाच्याने शोधून काढलं की १९ इंच हे टायर बसतो तिथलं माप, बाहेरचा दिसणारा काठ त्याहून इंचभर मोठा असतो. तो धरला की टीसीचं उत्तर पावणेपाचच्या जवळच येतं. टीडी असती तर पावणेसहाच्या वर आलं असतं, म्हणजे रिम दोन सेंटीमीटरांहूनही कमी भरली असती. आम्ही तीनदा मोजलं. टीडी नव्हती.

राहिल्या टीए, टीबी आणि टीसी. तिघींना १९ इंची तारांची चाकं. फरक एवढाच की टीसीचं बसायचं अंग चार इंचांनी रुंद केलं, आणि ते करताना फुटबोर्ड तेवढा अरुंद झाला. म्हणून आधीच्या बहिणींच्या फुटबोर्डवर पाय घसरू नये म्हणून तीन पट्ट्या असतात, टीसीच्या फुटबोर्डवर दोन. आणि फुटबोर्डवर कोण उभा होता? आमचा मुलगा. दोन अनवाणी पाय, जवळजवळ. त्यांच्या पुढे बोटभर फुटबोर्ड मोकळा दिसतो. भिंगातून बघितलं, भाच्याने बघितलं, नंतर मिस्त्रींनी बघितलं. दोन पट्ट्या.

टीसी. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, अगदी अमेरिकेला गेल्या त्याही. १२५० सीसीचं इंजिन. युद्धाने खंगलेल्या इंग्लंडला परदेशी पैसा हवा होता, म्हणून बहुतेक गाड्या देशाबाहेर विकल्या गेल्या. १९४५ मध्ये ऐंशीच्या आसपासच बनल्या होत्या, तेव्हा मुंबईत एका सेठच्या दारात ती उभी दिसते म्हणजे साल १९४६ किंवा त्यानंतरचं. (टीसीचे सांगाड्याचे नंबर २५१ पासून सुरू होतात, कारण अबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. हे ऐकून मामू पहिल्यांदा खुलले.)

तुम्ही म्हणाल, झालं तर मग. नाही झालं. गाडी फोटोविषयी एकच गोष्ट ठामपणे सांगते: याच्या आधीचा नाही. नंतरचा नाही, असं ती कधीच सांगत नाही. १९४८ ची गाडी १९५४ मध्येही रस्त्यावर असणारच, आणि आपल्याकडे तर विशेषच, कारण स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात आवळली गेली आणि होत्या त्या गाड्या लोकांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं चालवल्या. तुमच्या पेटीतल्या फोटोंनाही हाच नियम लावा. मागे ॲम्बॅसडर दिसली तर फोटो १९५७ च्या आधीचा नाही. स्टँडर्ड हेराल्ड असेल तर १९६१ च्या आधीचा नाही. लग्नाच्या वरातीत मारुती ८०० असेल तर डिसेंबर १९८३ च्या आधीचं ते लग्न नाही, मग घरातलं कुणी काहीही म्हणो. पण ॲम्बॅसडर दिसली म्हणून फोटो १९५७ चा, असं धरून चालाल तर फसाल. ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती.

आमच्याकडे आता १९४६ हे अलीकडचं टोक होतं. पलीकडचं टोक नव्हतं. मामू १९५३-५४ ला सहा-सात वर्षांचे होते. टीसी तेव्हाही चालूच असणार.

पलीकडचं टोक नानीच्याच पेटीत निघालं. पेटी आता अम्मीकडे आहे. तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात नानांचा गोदीतला बिल्ला, मनिऑर्डरच्या पावत्या आणि चार घड्या घातलेलं एक टाइप केलेलं इंग्रजी पत्र. अम्मीला वाटायचं जमिनीचं काहीतरी असेल. ते सेठचं शिफारसपत्र होतं. लिहिलं होतं की हे गृहस्थ १९३८ पासून माझ्याकडे मोटार चालवत आहेत, इमानदार आहेत, दारूला शिवत नाहीत. मी माझ्या मोटारी विकून हिंदुस्थान सोडून जात असल्याने त्यांना मोकळं करत आहे. तारीख मार्च १९५०. कुठे जातोय ते पत्रात नाही. त्या वर्षांत मुंबईची अशी कितीतरी घरं बंद झाली, ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर नाना गोदीला लागले आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. हे मामूंनाही मान्य आहे. ते स्वतःच सांगतात की अब्बांना मी कधी गाडी चालवताना पाहिलं नाही. हे सांगताना त्यांना त्यातली विसंगती कधी जाणवली नसावी.

म्हणजे फोटो १९४६ ते मार्च १९५० मधला. मार्च १९५० ला मामू तीन वर्षांचेही पुरते नव्हते. फोटोतला मुलगा केवढा आहे? तेही गाडीनेच सांगितलं. टीसीचा टायर जमिनीपासून वरपर्यंत साधारण २८ इंच. प्रतीवर मागचा टायर उभा ३.६ सेंटीमीटर भरला आणि त्याच्याजवळ उभा असलेला मुलगा ५.८. त्रैराशिक मांडलं तर मुलाची उंची ४५ इंच, पावणेचार फूट. दोन-तीन इंचांचा फरक धरा हवा तर. पावणेचार फुटांचा, दुधाचा दात पडलेला मुलगा सहा-सात वर्षांचा असतो, तीन वर्षांचा नसतो.

मी हे सगळं कागदावर मांडलं आणि आठ दिवस तसंच ठेवून दिलं. खालाला कळवायला हात शिवशिवत होता, पण आधी मामूंना सांगायला हवं होतं. अम्मी म्हणाली, कशाला सांगतेस, या वयात त्याच्याकडून ते का काढून घेतेस. मला अम्मीचं पटत होतं. खालाचंही पटत होतं. शेवटी मुंब्र्याला गेले.

मामूंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच एक शंका काढली, आणि ती चांगली होती. "सेठचा मुलगा असेल तर?" मी म्हटलं, मामू, पाय बघा. सेठचा मुलगा स्वतःच्या दारात अनवाणी फोटो काढून घेईल? आणि अब्बा कुणाकडे बघतायत ते बघा. त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ बघत राहिले. मामी चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला.

"मग अम्मी मला का म्हणाली, तूच म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा विचारतोय, हा कोण, आणि जे नाव दहा वर्षं घेतलं नाही ते घेणं तिला जमलं नसेल. किंवा मुलाला आपलाही एक फोटो असावा असं वाटलं असेल. मी गप्प बसले.

मग मामूंनी स्वतःच खेडला फोन लावला. स्पीकरवर नाही, कानाला. मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "आपा, तुझंच खरं निघालं." मग बराच वेळ काही नाही. मग, "कसा होता गो तो?" पुढचा पाऊण तास ते नुसतं हं, हं करत होते. एकदा हसले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्याला मोटारीचा नाद होता म्हणे. बोटीने मुंबईला नेल्याशिवाय जेवणार नाही म्हणून हट्ट धरला, म्हणून अब्बा घेऊन गेले होते. बाणकोटहून. परत आला तो महिनाभर तोंडाने भों-भों करत गावभर फिरत होता." थोड्या वेळाने म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही."

लॅमिनेट केलेल्या मूळ फोटोवर आता काही लिहिता येणार नाही. म्हणून दोन चांगल्या प्रती काढल्या, एक खालासाठी, एक मामूंसाठी. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर बॉलपेन वापरू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, केव्हा, आणि हे आपल्याला कशावरून कळलं. हे शेवटचं लोक विसरतात. आमच्या नातवंडांपैकी कुणी आमची चूक काढायला बसलं तर त्यांना आम्ही कशाच्या आधारावर बोललो ते दिसायला हवं.

मामूंच्याच टेबलावर मी लिहायला घेतलं. अब्बा आणि थोरला भाई, वय सहा-सात, मुंबई, १९४६ ते १९४८. मामू शेजारी बसून शब्द न् शब्द बघत होते. भाईचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, पेन्सिल माझ्या हातातून घेऊन. मग मी पुढे लिहिलं, गाडी: एमजी टीसी.

"थांब," मामू म्हणाले. "भाईचं मान्य. पण अब्बा स्वतः जग्वार म्हणायचे. माझ्या कानाने ऐकलंय."

मी पट्ट्या काढल्या, मापं काढली, पाच बहिणींची यादी काढली. त्यांनी एकाकडेही बघितलं नाही. शेवटी खालाच्या प्रतीवर एमजी टीसी लिहिलं. मामूंच्या प्रतीवर, त्यांच्याच अक्षरात, जग्वार लिहिलेलं आहे.